एकच पुस्तक

हळूकाकांचा घात ‘एकच’ या शब्दाने केला. त्या शब्दाखाली दोन रेघा मारलेल्या होत्या आणि त्याही काकांनी स्वतः, पट्टी लावून. माणसाने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यावा, पण निदान नेम धरून पाडून घेऊ नये.

हळूकाका म्हणजे विद्यापीठाचे ग्रंथपाल. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. बाकी सगळीकडे, पस्तीस वर्षं वाचनकक्षात “हळू बोला, हळू” म्हणत फिरल्यामुळे, ते हळूकाका झाले होते आणि त्या ओघात त्यांची बायको काकू झाली होती. काकू याच विद्यापीठात शिकलेल्या, याच वाचनकक्षात बसलेल्या. पण ही गोष्ट काकांना कळली ती आत्याने आणलेलं स्थळ पसंत करून झाल्यावर. टेबलावरून मान वर करून बघायची त्यांना सवयच नव्हती.

त्या वर्षी कुलगुरूंना एक कल्पना सुचली. एरवी कुलगुरूंना कल्पना सुचली की खालची माणसं रजेचे अर्ज भरायला घेत, पण ही तशी निरुपद्रवी वाटत होती. प्रवेश मिळालेली चारशे ऐंशी नवी मुलं, कुणी कुणाला ओळखत नाही. त्या सगळ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत एक पुस्तक वाचून यायचं, म्हणजे पहिल्या दिवशी शेजारच्याशी बोलायला काहीतरी विषय असेल. पुस्तक ठरवायला समिती बसली. गणिताच्या विभागप्रमुखांनी स्वतः लिहिलेलं पुस्तक सुचवलं. इतिहासाच्या विभागप्रमुखांनी ते सोडून दुसरं कुठलंही सुचवलं. क्रीडा संचालकांनी पोहण्याच्या सूचनांची पुस्तिका पुढे केली, कारण ती पाण्यात भिजत नव्हती. दोन तासांनी चहा पार निवला, तेव्हा कोपऱ्यात टिपणं घेत बसलेल्या हळूकाकांनी घसा साफ करून एका जुन्या कादंबरीचं नाव घेतलं. ती कुणीच वाचलेली नव्हती, त्यामुळे कुणालाच हरकत घेता येईना. ठराव एकमताने मंजूर झाला.

आता खरं सांगायचं तर यात काकांचा स्वार्थ होता. ती एका नावाड्याची गोष्ट होती. जन्मभर तो लोकांना नदीपार सोडतो, पण पलीकडच्या काठावर स्वतः कधी पाय ठेवत नाही. लोक उतरतात, हा नाव वळवतो. पलीकडे काय आहे ते तो उतारूंच्या बोलण्यावरून मनात रचत राहतो. लग्नानंतर वर्षाभराने एका सुस्त दुपारी काकांनी ती ग्रंथालयाची प्रत वाचायला घेतली आणि बसल्या बैठकीला एकशे अठ्ठावन्नाव्या पानावर पोचले. तिथे नावाडी म्हातारा झालेला आहे, पहाट आहे, नावेत उतारू कुणी नाही. शेवटची ओळ होती, ‘त्याने दोरी सोडली आणि’. पुढचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं.

त्या ‘आणि’वर काका बत्तीस वर्षं अडकून पडले होते. अकरा ग्रंथालयांना त्यांनी पत्रं लिहिली. आठांनी उत्तर दिलं नाही, तिघांनी ‘नाही’ असं उत्तर दिलं. त्यात तीन वर्षांपूर्वी काका डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी रजेवर असताना कार्यालयाने अपूर्ण पुस्तकं मोडीत काढली आणि ती प्रतही गेली. तरी दाढी करताना, बसची वाट पाहताना, काकूंनी दिलेली सामानाची यादी वाचता वाचता ते मनातल्या मनात दोरी सोडत आणि तिथेच थांबत. काकूंच्या यादीवरून ते रोज चिडवत, कारण काकूंचा ‘ळ’ म्हणजे पोत्याच्या तोंडाला मारलेली गाठ होती. “हे केळी आहे की कोडं आहे?” असं ते विचारत आणि काकू म्हणत, “सुटत नसेल तर आणू नका.”

तेव्हा काकांचा हिशेब सरळ होता. चारशे ऐंशी प्रती मागवल्या तर प्रकाशकाला कादंबरी पुन्हा छापावी लागेल, आणि छापायची तर शेवटासकट छापावी लागेल. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. एवढं कळलं की आपण सुखाने किल्ल्या खाली ठेवू, असं त्यांना वाटत होतं. म्हणून त्यांनी स्वतः टिपण लिहिलं: ‘सर्व नवीन विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वाचनाकरिता एकच पुस्तक घेण्यात यावे.’ इतिहासवाल्यांनी मागाहून दुसरं पुस्तक घुसवू नये म्हणून ‘एकच’खाली दोन रेघा मारल्या.

पुढचे पंधरा दिवस काका जमिनीवर नव्हते. सुट्टी लागलेली, वाचनकक्ष रिकामा, पंखे उगाच फिरताहेत, उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकतोय. काकांना दिसायच्या खिडक्या. चारशे ऐंशी खिडक्या, प्रत्येकीत एक मूल, आणि सगळ्यांचं एकाच वेळी एकोणचाळिसावं पान उलटतंय. त्या पानांचा आवाज कसा येईल, याचा विचार करताना त्यांची हनुवटी छातीला टेकायची आणि शिपाई दाराशीच थांबायचा, कारण या खोलीत हळू चालायचं हे त्याला शिकवलेलं होतं.

सोळाव्या दिवशी तपकिरी कागदातलं एक पुडकं आलं. काकांना वाटलं, नमुना प्रत असेल. आत पुस्तक होतं, पोच म्हणून सही करायचा कागद होता आणि कागदावर लिहिलं होतं, ‘नग एक. मागणी पूर्ण.’

खरेदी विभागाच्या बाईंना सगळे त्रुटीबाई म्हणत, कारण त्यांच्याकडून प्रत्येक फाइल ‘त्रुटी’ असा शेरा घेऊनच परत येई. काका धापा टाकत त्यांच्या टेबलाशी पोचले.

“बाई, एक कसं आलं?”

“एकच लिहिलंय तुम्ही.” त्रुटीबाईंनी टिपण काढून दाखवलं. “खाली दोन रेघा आहेत. आम्ही तर जादा म्हणून दोन घेणार होतो, मी म्हटलं, नको, माणसाने एवढं ठासून लिहिलंय तर मान ठेवावा.”

“अहो, एकच म्हणजे सगळ्यांना एकच!”

“मग, सगळ्यांना एकच आलंय ना?”

इथे ध चा मासुद्धा कुणी केला नव्हता. काकांनी शुद्धिपत्रक काढतो म्हटलं, तर बाई म्हणाल्या, “‘एकच’ऐवजी काय लिहाल? ‘अनेक पुस्तके’ लिहिलंत तर समिती पुन्हा बसवावी लागेल. आणि कुलसचिव आजपासून सुट्टीवर आहेत.” मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, “तसंही दुसरी प्रत मिळणार नाही, काका. प्रकाशक केव्हाच बंद झालाय. ही जुन्या पुस्तकांच्या दुकानातून शोधून आणलीय. कौतुक करायचं सोडून भांडताय.”

काकांनी पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा शिक्का होता. कडेला लावलेल्या पट्टीवरचे आकडे त्यांच्या स्वतःच्या अक्षरात होते. त्यांनी शेवट काढला. ‘त्याने दोरी सोडली आणि’.

मोडीत गेलेलं आपलंच पुस्तक आपल्याच घरी परत आलं होतं. काका जिन्यात बसले. बत्तीस वर्षांत एवढं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

बातमी घरी पोचण्याआधी इमारतीत पोचली. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी काकांना फाटकातच गाठलं. “अपॉइंटमेंट द्या,” ते म्हणाले. “साठ दिवस, रोज आठ मुलं, प्रत्येकाला दोन तास. चारशे ऐंशी! दाताचं मी असंच करतो.” हिशेब इतका चपखल बसला की काकांनी त्याच संध्याकाळी तक्ता आखला. शेवटी त्यांनी स्वतःचा क्रमांक चारशे एक्क्याऐंशी टाकला, कारण नियम म्हणजे नियम.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला वाचनकक्षात पहिल्या क्रमांकाची मुलगी आली. दोन वेण्या, पाण्याची बाटली. वाचायला बसली ती बसलीच. आठ वाजले, दहा वाजले, दुपारचे चार वाजले, बाहेर पाच जण ताटकळले. काका तिला उठवायला दोनदा गेले. पण ती ओठ न हलवता, बोट ओळीवर ठेवून, एकेक वाक्य असं वाचत होती, की काका हात मागे बांधून परत आले. जन्मभर ज्याने ‘हळू’ म्हटलं, त्याने हळू वाचणाऱ्याला कोणत्या तोंडाने उठवायचं? संध्याकाळी तिने डोकं वर केलं आणि विचारलं, “काका, आणि?”

“आणि काय?”

“आणि पुढे काय झालं?”

“ते मलाही माहीत नाही,” काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ते बोलल्यावर त्यांना चक्क बरं वाटलं.

तक्ता पहिल्याच दिवशी कोसळला, तेव्हा रात्री काकांच्या घरी येऊन शेजारच्या शिवणकामवाल्या वहिनींनी तोडगा काढला. “उसवा,” त्या म्हणाल्या.

“काय उसवा?”

“पुस्तक. सोळा सोळा पानांची दहा जुडगी शिवलेली असतात त्यात. उसवली की एका वेळी दहा जणांना वाचता येईल. शेवटी पुन्हा टाचून देईन मी, कळणारसुद्धा नाही.”

काकांनी अशी नजर टाकली की वहिनींनी सुई खाली ठेवली. मी ग्रंथपाल आहे, खाटीक नव्हे, वगैरे बरंच बोलून झालं. मग त्यांना आठवलं की साठांतले आता एकोणसाठच दिवस उरलेत. पुस्तक उसवलं. दोरा ओढताना काकांनी डोळे मिटून घेतले होते.

काकू इतका वेळ दारात उभ्या होत्या. शेवटचं जुडगं आणि त्याला लागलेला मागचा पुठ्ठा त्यांनी हातात घेतला, आतला कोरा कागद उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाल्या, “हे नका देऊ कुणाला.”

“का?”

“शेवटच नाही त्याला. कशाला पोरांना अर्धवट काहीतरी?”

“दहा म्हणजे दहा,” काका म्हणाले. काकू आत गेल्या आणि बराच वेळ भांडी आपटत राहिल्या.

पुढे जे झालं त्याला वाचन म्हणायचं की काय, हे काकांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. नदी बांध सोडून शेतात शिरावी तशी ती गोष्ट गावात शिरली. कुणाला आधी सातवं जुडगं मिळालं, मग दुसरं. एका मुलाचा नावाडी आधी म्हातारा झाला आणि मग पोहायला शिकला. जुडग्यांची अदलाबदल व्हायला उशीर लागे, म्हणून मुलं आपापली सोळा पानं एकमेकांना सांगायला लागली. सांगताना थोडं सुटे, थोडं पदरचं पडे. बाहेरगावच्यांना फोनवरून सांगितलं जाई. बसथांब्यावर, केस कापायच्या दुकानात, दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून माणसं नावाड्याबद्दल ऐकत.

चौथं जुडगं धुण्याच्या बादलीत पडलं. क्रीडा संचालकांनी निरोप पाठवला, ‘मी म्हटलं होतं.’ काका तिथे पोचले तेव्हा गल्लीत दोरीवर चार मोठे कागद चिमट्यांनी लटकवलेले होते, एकेका कागदावर चार पानं, काही सुलटी, काही उलटी. वारा मंद होता. येणारेजाणारे थांबून मान वाकडी करून वाचत होते. भाजीवाली मुलाला सांगत होती, “थांब, हा कागद वळू दे, मग कळेल.” रागवायला आलेले काका तिच्या मागे रांगेत उभे राहिले. कागद वळला. त्यांना वाटलं, आपल्या चारशे ऐंशी खिडक्या ह्याच असाव्यात, फक्त आपण त्या मनात सुट्या सुट्या रंगवल्या होत्या.

सातवं जुडगं तीन दिवस बसच्या डेपोत होतं. नववं एका आजोबांनी गादीखाली ठेवलं आणि कुठे ठेवलं ते विसरले, शेवटी चादर बदलताना सापडलं. दहावं सगळ्यांत जास्त फिरलं. काकांनी मात्र एक पाहिलं. सुट्टी संपत आली तसा जो तो त्यांना रस्त्यात अडवून एकच विचारत होता, “काका, आणि?” आणि काका हात हलवून पुढे जात. एवढ्या लोकांना तहान लावून आपल्याकडे पाणी नाही, याची त्यांना लाज वाटायला लागली होती.

स्वागताच्या दिवशी सभागृह भरलं. वहिनींनी पुस्तक टाचून दिलं होतं. पावाइतकं फुगलेलं ते पुस्तक व्यासपीठावरच्या टेबलावर होतं. कुलगुरूंना झालेल्या प्रकाराची कल्पना नव्हती. त्यांनी माइकवरून विचारलं, “तर मग, कसा वाटला शेवट?”

काकांनी पुढच्या खुर्चीच्या मागे तोंड लपवलं.

“बुडाला!” एक मुलगा ओरडला. “छे, परत आला.” “नावच विकली त्याने.” “पलीकडे काठच नव्हता मुळी.” “सर, शेवटचं पानच नाहीये!” अनोळखी मुलं एकमेकांकडे वळून भांडायला लागली. पंधरा मिनिटं कुणी कुणाचं ऐकेना. पस्तीस वर्षांची सवय, काका उठून “हळू” म्हणणार होते, पण त्यांचं त्यांनाच ते म्हणवेना. कुलगुरू खूश होऊन म्हणाले, “शेवटचं पान काढून टाकण्याची कल्पना कुणाची?”

त्रुटीबाईंनी पहिल्या रांगेतून काकांकडे बोट दाखवलं. “त्यांचीच. दोन रेघा मारून.”

टाळ्या सुरू होत्या तोवर पहिल्या क्रमांकाची मुलगी व्यासपीठावर चढली. “सर, त्या फाडलेल्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं,” ती म्हणाली. “दाबून लिहिलं होतं, म्हणून मागच्या कोऱ्या कागदावर ठसा उमटलाय. मी त्यावर पेन्सिल आडवी घासली. आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. कुणी लिहिलं ते मात्र कळत नाही.”

कुलगुरूंनी पुठ्ठा उघडून चष्मा सावरला आणि माइकमध्ये वाचलं: “‘हळू बोला म्हणता, पण तुम्ही तर काहीच बोलत नाही.’”

सभागृह हसून कोसळलं. चारशे ऐंशी माना काकांकडे वळल्या. कुणीतरी ते पुस्तक त्यांच्या हातात दिलं. पेन्सिलीच्या करड्या पट्ट्यात पांढरी अक्षरं होती आणि ‘हळू’मधला ‘ळ’ पोत्याच्या तोंडाला मारलेल्या गाठीसारखा होता.

काका कुणालाही न सांगता घरी निघाले. भर दुपार होती. काकू झोपाळ्यावर मटार सोलत बसल्या होत्या. काकांनी पुठ्ठा उघडून त्यांच्यापुढे धरला. काकूंनी एकदा पाहिलं आणि पुढची शेंग घेतली.

“म्हटलं होतं, हे देऊ नका कुणाला.”

“तू फाडलंस?”

“पान भरून छापलेलं नव्हतं, खाली जागा होती. लिहिलं आणि पुस्तक तुमच्या हातात परत दिलं. तुम्ही शिक्का मारलात, कपाटात ठेवलंत. आठ दिवस रोज येऊन बसले समोर. परत आलेल्या पुस्तकाची पानं तपासतात असं ऐकलं होतं.”

“पुढची तपासतो,” काका ओशाळून म्हणाले. “शिक्का पुढे असतो.”

“ते कळलं नंतर. मग लाज वाटली. दुसऱ्या कुणी वाचलं तर? म्हणून फाडलं.”

“पण मग आत्याने तुझंच स्थळ...”

“आत्याबाईंकडे मी गेले होते.”

काका समोरच्या खुर्चीत बसले. तेहेतीस वर्षं पाहुण्यारावळ्यांना ते सांगत आले होते, की मुलगी मी एका नजरेत पसंत केली. हा धक्का पचवायला त्यांना पाच-सहा शेंगा लागल्या. तोवर काकू उठून आत गेल्या आणि आपल्या पदवीच्या प्रमाणपत्राच्या पिशवीतून एक पिवळं पान आणून, ते काकांच्या हातात देऊन पुन्हा झोपाळ्यावर बसल्या.

“एवढी वर्षं मी त्या शेवटापायी झुरत होतो. देता आलं नाही?”

“तुम्ही शेवट मागत होतात,” काकू म्हणाल्या. “हे कधी मागितलंत?”

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. त्यांनी आधी खालची पेन्सिलीची ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग वर गेले. छापलेल्या ओळी जेमतेम तीनच होत्या. त्यांनी चष्मा पुसला, उभे राहिले आणि पस्तीस वर्षांत काढला नव्हता असा खणखणीत आवाज काढून वाचायला लागले:

“त्याने दोरी सोडली आणि या खेपेला नाव वळवली नाही. पलीकडच्या घाटावर कुणीतरी बसलेलं होतं. ‘किती उशीर,’ ते म्हणालं, आणि शेजारी जागा करून दिली!”

खाली डॉक्टरांची खिडकी उघडली. शेजारी वहिनींचं मशिन थांबलं. काकांना त्याचं काही नव्हतं. ते पान हातात धरून पुन्हा पहिल्यापासून वाचणार, तेवढ्यात काकूंनी झोपाळ्यावर सरकून शेजारी जागा केली, त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि हसू दाबत म्हणाल्या, “अहो, हळू!”